कोट घ्यायला परत आलेला मुलगा

सातारा

चि. बाळास अनेक उत्तम आशीर्वाद.

त्या संध्याकाळी ऑफिसातून आल्या आल्या तू विचारलंस, "आई, कसं वाटलं हामेल्न?" मी "छान आहे गाव" एवढंच म्हटलं आणि पोळ्या लाटायला घेतल्या. जास्त बोलले असते तर गळा भरून आला असता, आणि माझ्या परतीला चारच दिवस राहिले होते. आता घरी पोचून आठवडा झाला. नीट सांगते.

हॅनोव्हरच्या स्टेशनवर तू मला गाडीत बसवून दिलंस तेव्हा हामेल्न म्हणजे माझ्या मनात लहानपणी तुला जेवू घालताना सांगायचे त्या गोष्टीतलं हॅमलिन होतं. गावात उंदीर फार झाले, रंगीबेरंगी कपड्यांतला पुंगीवाला आला, उंदीर नदीत बुडाले, गावाने पैसे द्यायला नकार दिला, मग तो मुलंच घेऊन गेला. "म्हणून दिलेला शब्द पाळायचा" असं म्हणून मी शेवटचा घास भरवायचे. एकदा घास गालात ठेवूनच तू विचारलंस, "त्यांच्या आया कुठे होत्या?" मी काहीतरी सांगून वेळ मारून नेली होती.

पाऊण तासात पोचले. वेझर नदी, जुनी लाकडी चौकटींची घरं, आणि जिथे तिथे उंदीर. फरशीवर उंदीर, दुकानांच्या काचेत उंदीर, बेकरीत पावाच्या पिठाचे उंदीर. ते सगळं मी भराभर बघत गेले. थांबले ती ओस्टरस्ट्रासवरच्या घरापाशी. १६०२-०३ सालचं दगडी घर, पुंगीवाल्याचं घर म्हणतात त्याला, पण तो तिथे कधी राहिला नव्हता. घराला हे नाव पडलं बाजूच्या भिंतीवरच्या लेखामुळे. तू फोनमध्ये घालून दिलेलं ॲप त्या जुन्या जर्मनपुढे अडलं. शेजारी एक वयस्क बाई उभ्या होत्या, त्यांनी मला इंग्रजीत अर्थ सांगितला. सन १२८४, संत योहान आणि पॉल यांचा दिवस, २६ जून. नाना रंगांचे कपडे घातलेल्या एका पुंगीवाल्याने हामेल्नमध्ये जन्मलेली १३० मुलं भुलवून नेली, ती कोप्पेन डोंगरापाशी हरवली.

मी त्यांना दोनदा विचारलं, उंदरांचं काय? त्या म्हणाल्या, ह्यात उंदीर नाहीत. खरंच नाहीत रे. पैसे बुडवल्याचंही नाही. लुनेबुर्गला पंधराव्या शतकातली एक हस्तलिखित नोंद आहे, तिच्यातही फक्त मुलं आहेत. उंदीर गोष्टीत शिरले ते सोळाव्या शतकात, म्हणजे मुलं गेल्यावर पावणेतीनशे वर्षांनी. मी तुला जी गोष्ट सांगत होते तिचा अर्धा भाग मागाहून जोडलेला. आधी होतं ते एवढंच, की आमची मुलं गेली.

तिथल्या मार्केट चर्चमध्ये पूर्वी एक रंगीत काचेची खिडकी होती, पुंगीवाला आणि मुलं असलेली. १३०० च्या सुमाराची म्हणतात. सतराव्या शतकात ती गेली. पण विचार कर, ती बसवली तेव्हा ज्यांची मुलं गेली त्यातल्या कितीतरी आया हयात असतील. दर रविवारी त्या खिडकीखाली बसत असतील.

पुंगीवाल्याच्या घराला लागूनच एक गल्ली आहे, बुंगेलोझेनस्ट्रास. ढोल न वाजणारी गल्ली. मुलं तिथून गेली म्हणून तिथे वाद्य वाजवत नाहीत. लग्नाची वरातसुद्धा पूर्वी तिथे आली की वाजंत्री बंद करायची. मी उभी असताना एक पोरगा दुकानातून घेतलेली पिपाणी वाजवत येत होता. गल्लीच्या तोंडाशी त्याच्या आईने हळूच त्याच्या हातावर हात ठेवला. त्यानेही पिपाणी खाली घेतली, हट्ट केला नाही. मला वाटतं, सगळ्या गावात मी पाहिलेली सगळ्यात खरी गोष्ट ती होती.

मुलं कुठे गेली असतील ह्याबद्दल पुष्कळ तर्क आहेत. मला पटला तो असा. त्या काळात पूर्वेकडच्या नव्या मुलखात वस्ती करायला माणसं हवी होती. जमीनदारांचे हस्तक गावोगाव फिरून तरुणांना तिकडे चला म्हणून तयार करायचे. युर्गेन उडोल्फ नावाच्या भाषेच्या अभ्यासकाने हामेल्नच्या बाजूची आडनावं थेट बर्लिनच्या उत्तरेकडे, प्रिग्निट्झ आणि उकरमार्क भागात सापडतात असं दाखवलं. आणि "गावची मुलं" म्हणजे लहान लेकरंच असं नाही. आपणही म्हणतोच की, गावची पोरं मुंबईला गेली. ती काय कडेवरची असतात? हाताशी आलेली, कामाची पोरं असतात. कोणीतरी चांगले कपडे घालून येतो, तिकडे जमीन आहे, काम आहे म्हणतो, आणि पोरं निघतात. पळवून नेलं असं नंतर आईबापच म्हणतात.

दुपारी ३.३५ ला होखत्साइटहाउसच्या, म्हणजे गावातल्या जुन्या लग्नघराच्या, भिंतीतली दारं उघडतात, घंटा वाजतात आणि पुंगीवाल्याच्या मागून बाहुल्या फिरतात. आधी उंदीर, मग मुलं. लोक फोन वर धरून उभे होते. मी शेवटचं मूल आत जाईपर्यंत पाहिलं.

तुझ्या त्या प्रश्नाचं उत्तर आता मिळालं. लोककथा गोळा करणाऱ्या ग्रिम बंधूंनी १८१६ साली ही कथा छापली, तिच्यात आयांचं लिहिलेलं आहे. आईबाप घोळक्याने गावाच्या प्रत्येक वेशीकडे धावले, आयांनी आकांत केला, जमिनीवरून आणि पाण्यावरून चहूकडे माणसं पाठवली. काही हाती लागलं नाही. दोन मुलं मागे राहिली होती, एक आंधळं, एक मुकं. एकाला जागा दाखवता येईना, दुसऱ्याला काय घडलं ते सांगता येईना. आणि एक मुलगा होता, तो नुसत्या सदऱ्यावर निघाला होता. वाटेत कोट आठवला म्हणून तो घ्यायला मागे फिरला, तेवढ्याने वाचला.

तुझा निळा स्वेटर इथेच राहिलाय, कपाटात वरच्या खणात. मागच्या खेपेला तू पाठव म्हणाला होतास. धुऊन, डांबरगोळ्या घालून ठेवलाय. पाठवत नाही. येशील तेव्हा घे.

तुझी
आई