ओढ्याकाठचा पुदिना

रोचेस्टर, न्यूयॉर्क
१४ ऑगस्ट

प्रिय नलू,

तुझं पत्र येऊन महिना झाला, रागावू नकोस. आज सांगण्यासारखं काही आहे.

परवा लायन्सला गेले होते. ईरी कालव्याकाठचं छोटंसं गाव. गावाबाहेर ओढ्यात उतरले आणि पायाखालून एकदम वास आला. पुदिना! गुडघाभर उंच, दाट माजलेला, कुणी न लावलेला. खाली बसून पाहिलं. देठ चौकोनी, जांभळट. पानाला छोटा दांडा. आपल्या चटणीच्या पुदिन्याचं पान जवळजवळ देठालाच टेकलेलं असतं. चघळलं तर जीभ गार पडली. म्हणजे पेपरमिंट.

एकोणिसाव्या शतकात इथे हॉचकिस नावाच्या व्यापाऱ्याचा पेपरमिंट तेलाचा मोठा कारभार होता. १८५१ च्या लंडनच्या प्रदर्शनात त्याच्या तेलाला पदक मिळालं होतं.

पण माझ्या मनातून जात नाही ती गोष्ट वेगळीच. पेपरमिंट हा दोन पुदिन्यांचा संकर. इंग्लंडमध्ये १६९६ साली जॉन रे या वनस्पतिशास्त्रज्ञानं त्याची नोंद केली. त्याला बी जवळजवळ धरतच नाही, जमिनीलगत धावणाऱ्या मुळ्यांनीच तो पसरतो. मग समुद्र कसा ओलांडला? कुणीतरी मुळी ओल्या मातीत गुंडाळली असणार, जहाजावर तिला पिण्याच्या पाण्यातलं पाणी घातलं असणार. पोट दुखलं तर काढा हवा म्हणून. त्या बाईचं नाव कुठे नाही (मला ती बाईच वाटते), पण ओढ्याकाठी आहे ते नवं रोप नव्हे गं, तिचंच झाड, तुकड्यातुकड्यानं पुढे आलेलं.

आणि ही जमीन काही रिकामी नव्हती. १७७९ मध्ये अमेरिकी सैन्यानं या मुलखातली सेनेका आणि कायुगा या मूळ रहिवासी लोकांची गावं जाळली, त्यानंतर गोरी वस्ती वाढली. इथला मूळचाही एक पुदिना आहे. त्याची फुलं शेंड्याला तुऱ्यासारखी न येता पानांच्या बगलेत येतात. तासभर शोधला, त्या काठी एकही दिसला नाही. फार वाईट वाटलं.

काकू जुडीची पानं खुडून झाली की काड्या मोरीच्या पाण्यावर खोचायच्या, आठवतं? त्यातलीच एक आमच्या परसात आली होती. घर विकलं तेव्हा ती आणायचं मला सुचलं नाही.

तुमच्याकडे तो अजून आहे का? असला तर एक पान चुरगळून वास घे, आणि लिही.

तुझी,
विजू