मेजर मँट, कोल्हापूरच्या वास्तू आणि एक अन्यायकारक आख्यायिका

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत कोल्हापूरच्या जुन्या दगडी वास्तूंवर आलेला लेख आवडीने वाचला. आमच्या रायबाग, चिकोडी, निपाणी भागातील मराठी माणसाला कोल्हापूर परके नाही, आणि रायबागला तर ते मुळीच परके नाही, कारण 1 मार्च 1949 रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन होईपर्यंत रायबाग संस्थानचाच भाग होते. त्यामुळे त्या वास्तूंविषयी चार ओळी छापून आल्या तरी इथे त्या मोठ्याने वाचल्या जातात. परंतु त्या लेखातील दोन गोष्टी मनाला लागल्या. टाऊन हॉल आणि न्यू पॅलेस ‘एका ब्रिटिश स्थापत्यकाराने’ उभारले एवढ्यावरच त्याची बोळवण करण्यात आली आहे. आणि पुढे, आपला हिशोब चुकला, इमारती कोसळणार, या धास्तीने त्याने जीव दिला, ही ऐकीव गोष्ट इतिहास म्हणून सांगितली आहे. मी बांधकामाच्या व्यवसायात असल्याने दुसरी गोष्ट मला अधिक खटकली आणि त्यासाठीच हे पत्र लिहीत आहे.

त्या स्थापत्यकाराचे नाव मेजर चार्ल्स मँट. ते रॉयल इंजिनिअर्सचे, म्हणजे लष्करी अभियंते. त्या काळी सरकारी बांधकामे बहुतांशी अशाच अधिकाऱ्यांच्या हातात असत आणि एकाच माणसाला पूल, बराकी, शाळा आणि दवाखाने हे सारे करावे लागे. कोल्हापुरात त्यांना जी संधी मिळाली ती एका दुःखद घटनेनंतर. छत्रपती राजाराम महाराज 1870 मध्ये इंग्लंडच्या दौऱ्यावर गेले आणि परतीच्या वाटेवर 30 नोव्हेंबर रोजी इटलीतील फ्लॉरेन्स शहरात निवर्तले. वय अवघे वीस. परमुलखात, जिथे दहनाची रीतच नव्हती तिथे, अधिकाऱ्यांची खास परवानगी घेऊन आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर, काशिने बागेच्या टोकाशी, त्यांच्यावर हिंदू रीतीने अंत्यसंस्कार झाले. त्या जागी 1874 मध्ये एक छत्री उभी राहिली आणि तिचा आराखडा मँट यांनी केला. छत्रीखालचा महाराजांचा अर्धपुतळा चार्ल्स फुलर या इंग्लिश शिल्पकाराचा आहे. फ्लॉरेन्सची माणसे त्या स्मारकाला ‘इंदियानो’, म्हणजे भारतीयाचे स्मारक, म्हणतात, आणि पुढे 1970 च्या दशकात त्याच्या जवळ आर्नोवर जो मोठा पूल झाला त्यालाही तेच नाव मिळाले. ज्या शहराच्या घुमटांचा आणि चर्चचा सगळ्या जगाला अभिमान वाटतो, त्या शहरात कोल्हापूरच्या राजाची छत्री उभी आहे, हे आमच्या शाळांतून शिकवले जावे असे मला मनापासून वाटते.

महाराजांच्या मागे दत्तक आलेले चौथे शिवाजी महाराज अल्पवयीन होते, कारभार इंग्रज अधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली गेला आणि याच काळात मँट यांची कोल्हापुरातील बहुतेक कामे झाली. टाऊन हॉल 1872 ते 1876 मधला. आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल, म्हणजे आज ज्याला सगळा जिल्हा ‘सीपीआर’ म्हणून ओळखतो ते छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, हेही त्यांच्याच आराखड्याचे. आणि 1877 मध्ये सुरू होऊन 1884 मध्ये पुरा झालेला न्यू पॅलेस.

यातील टाऊन हॉलसमोर जरा वेळ उभे राहून पाहावे. काळ्या घडीव दगडाच्या भिंती, उतरते छप्पर, दोन बाजूंना निमुळत्या टोकांचे मनोरे आणि टोकदार कमानी. खेड्यातून पहिल्यांदा आलेला माणूस हे चर्च आहे का, असे हमखास विचारतो, आणि त्याचे काही चुकत नाही. युरोपात मध्ययुगातील चर्चसाठी जी गॉथिक बांधणी घडली, तीच इथे सार्वजनिक सभागृहाला वापरलेली आहे. आमच्या बेळगावच्या कॅम्पमधील सेंट मेरीज चर्च ज्यांनी पाहिले आहे, त्यांना हे साम्य सांगावे लागणार नाही. तेही एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातलेच, दगडी, टोकदार कमानींचे. एक लष्करी छावणीतील प्रार्थनेसाठी आणि दुसरे संस्थानच्या प्रजेसाठी. पण कमान उचलण्याची विद्या एकच. गोल कमान आपला रेटा बाजूच्या भिंतींवर अधिक टाकते. टोकदार कमान तोच भार जास्त सरळ खाली नेते, म्हणून भिंती उंच नेता येतात आणि खिडक्या मोठ्या ठेवता येतात. दुपारी टाऊन हॉलच्या आत ऊन येते ते या बांधणीमुळे. 1949 पासून या इमारतीत वस्तुसंग्रहालय आहे, आणि ब्रह्मपुरीच्या टेकडीवर 1945-46 च्या उत्खननात मिळालेल्या वस्तू तिथेच आहेत. प्राचीन रोमशी व्यापार असल्याचा पुरावा देणारी ब्रह्मपुरीची ती प्रसिद्ध कांस्यमूर्ती, समुद्रदेव पोसायडनची, पाहायला जाणाऱ्यांनी मान वर करून छप्पर पेलणाऱ्या लाकडी चौकटी, म्हणजे कैच्याही पाहाव्यात.

आता न्यू पॅलेस पाहा. टाऊन हॉल पुरा होऊन वर्ष झाले नाही तोच त्याच माणसाने हा वाडा हाती घेतला, आणि गॉथिक जवळजवळ सोडून दिले. मध्यभागी घड्याळाचा अष्टकोनी मनोरा, घोटीव काळा दगड, झरोके, महिरपी, घुमट्या. गुजरात-राजस्थानातील जैन आणि हिंदू मंदिरांची नक्षी आणि आपल्याकडच्या वाड्याची ठेवण यांचा हा मिलाफ आहे. दरबार हॉलच्या रंगीत काचांवर शिवछत्रपतींच्या चरित्रातील प्रसंग आहेत. चर्चच्या खिडक्यांवर संतांची चित्रे रंगवण्याची जी कला होती, तिलाच इथे शिवचरित्राचे काम दिले गेले. माझ्या मते मँट यांचे मोठेपण या एका निर्णयात दिसते. साहेबी थाटाचे काहीतरी उभे करून मोकळे होणे त्यांना सहज शक्य होते. त्याऐवजी त्यांनी या मुलखातील कारागिरांना जे येत होते ते शिकून घेतले आणि त्याला आराखड्यात जागा दिली. त्या पाथरवटांची आणि गवंड्यांची नावे कुठल्याही पाटीवर नाहीत, याची खंत वाटते. मँट यांचे नाव घ्यावे असे मी म्हणतो तेव्हा त्यात त्या हातांचाही मान धरलेला आहे.

आख्यायिकेविषयी. मँट 1881 मध्ये, वयाच्या चाळिशीच्या आसपास वारले. न्यू पॅलेस तेव्हा अपुरा होता आणि त्यांनीच आखलेला बडोद्याचा लक्ष्मीविलास पॅलेसही. बडोद्याचा हा वाडा पुढे स्थापत्यकार रॉबर्ट चिझम यांनी 1890 मध्ये पुरा केला. अखेरच्या काळात मँट यांचे मन ढळले होते आणि आपल्या इमारती पडतील ही भीती त्यांना ग्रासत होती, असे इतिहासकार नोंदवतात. ते नाकारण्याचे मला कारण नाही. पण आजारी माणसाच्या मनातील भीती ही त्याच्या कामातील चूक ठरत नाही. आपल्या लेखात मात्र ती तशीच मांडली गेली आहे, आणि ‘हिशोब चुकलेला इंजिनिअर’ हीच त्यांची ओळख वाचकांच्या मनात राहील.

हिशोब चुकला असता तर तो कुठे दिसला असता, हे व्यवसायाने मला सांगता येते. भिंतीवरील भार हा अशा इमारतींचा कमकुवत भाग नसतो. आपला काळा दगड दाब इतका सोसतो की दोन-तीन मजल्यांचे वजन त्याच्या खिजगणतीतही नसते. दगा होतो तो पाया असमान खचल्याने किंवा कमानी-घुमटांच्या रेट्याने भिंत बाहेर झुकल्याने. असे झाले असते तर कमानीच्या माथ्यावरचा कळीचा दगड खाली सरकला असता, मनोऱ्याच्या सांध्यात तिरप्या भेगा पडल्या असत्या, आणि हे पहिल्या काही वर्षांतच घडले असते. 11 डिसेंबर 1967 चा कोयनेचा भूकंप आमच्या वडीलधाऱ्यांना आजही आठवतो. कोल्हापुरात तो चांगलाच जाणवला होता. टाऊन हॉल, सीपीआर आणि न्यू पॅलेस त्यानंतरही उभे आहेत. बडोद्याचा वाडा उभा आहे, अजमेरच्या मेयो कॉलेजची त्यांनी आखलेली मुख्य इमारतही उभी आहे. त्या अभियंत्याच्या बाजूने याहून भक्कम साक्ष मला माहीत नाही.

या निमित्ताने दुरुस्तीचा मुद्दाही मांडतो, कारण या वास्तूंना खरा धोका तिथे आहे. जुने दगडी काम घाणीत दळलेल्या चुन्यात केलेले असते. चुना थोडा लवतो, ओल आत घेतो आणि बाहेरही सोडतो. दगडांमधले सांधे सिमेंटने भरले की ही वाट बंद होते, पावसाची ओल सांध्यातून न निघता दगडातून निघू लागते, आणि काही पावसाळ्यांत दगडाच्या कडांची खपली निघायला सुरुवात होते. आमच्या सीमाभागातील जुने वाडे, वेशी, शाळा आणि चर्च पाहताना ही सिमेंटची करडी जाळी जागोजागी दिसते. काम करणाऱ्याची भावना चांगलीच असते, खर्चही कमी येतो. पण हे नुकसान पुन्हा भरून येत नाही. चुन्याचे काम जाणणारे गवंडी आजही आहेत. निविदेत चुना लिहिला जात नाही म्हणून त्यांना काम मिळत नाही.

आपणास विनंती अशी की, पुढील पुरवणीत मँट यांचे नाव, त्यांच्या कोल्हापुरातील कामांची माहिती आणि आख्यायिकेविषयीची दुरुस्ती छापावी. आमच्या तालुक्यांतून दर हिवाळ्यात शाळांच्या सहली अंबाबाई, रंकाळा, न्यू पॅलेस आणि पन्हाळा करून येतात. टाऊन हॉल बहुतेकांच्या वाटेवरच असूनही सुटतो. तोही कार्यक्रमात घालावा, आणि शक्य असेल तिथे बेळगाव कॅम्पची फेरीही जोडावी, असे शिक्षकांना आपल्या स्तंभातून सुचवावे. मुलांना कमानीचा रेटा समजावून सांगण्यासाठी कोणी हवे असल्यास या भागातील आम्ही अभियंते आनंदाने सोबत येऊ.

आपला विश्वासू,
एक वाचक (स्थापत्य अभियंता)
रायबाग, जि. बेळगाव