एकाग्रतेच्या तक्रारीआधी बाकावरचा शेजार पाहा

संपादक महोदय,

मूल वर्गात लक्ष देत नाही, चटकन हात उगारतं, अशी तक्रार आली की पालक स्मरणशक्तीच्या वर्गांकडे धाव घेतात. त्याआधी ते कोणाशेजारी बसतं, मधल्या सुट्टीत त्याला खेळात घेतात का आणि चुकल्यावर शिक्षक काय म्हणतात, हे कोणी पाहतं का? सूचना डोक्यात धरून ठेवणं, पहिली ऊर्मी आवरणं, नियम बदलला की विचारांची दिशा बदलणं, ही कौशल्यं मेंदूच्या पुढच्या भागाशी निगडित आहेत आणि तो भाग विशीच्या मध्यापर्यंत घडत राहतो. ते घडणं माणसांच्या सहवासात होतं.

अमेरिकेतल्या रॉचेस्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी 3 ते 5 वर्षांच्या 28 मुलांवर केलेला एक प्रयोग 2013 साली प्रसिद्ध झाला. निम्म्या मुलांना मोठ्या माणसानं कबूल केलेलं चित्रकलेचं साहित्य आणून दिलं, उरलेल्यांना दिलं नाही. मग ‘थांबलात तर एकाऐवजी दोन मार्शमॅलो (मऊ गोड खाऊ)’ असं सांगितलं. शब्द पाळलेला पाहिलेली मुलं सरासरी 12 मिनिटं थांबली, दुसरी जेमतेम 3. म्हणून ‘उद्या तुझी पाळी’ म्हटलं असेल, तर ते फळ्याच्या कोपऱ्यात लिहावं आणि उद्या पाळी द्यावीच.

गट मुलांनाच पाडू देणं ही सर्रास होणारी चूक. शेवटी उरलेल्या मुलाचं सगळं लक्ष ‘मला कोण घेणार’ यातच अडकतं. त्याच वेळी दिलेली सूचना त्याच्या कानावरून जाते आणि ते ‘बेशिस्त’ ठरतं. जोड्या शिक्षकांनी लावाव्यात आणि तीनेक आठवडे बदलू नयेत. रोज जोडीदार बदलला तर ओळख मुरत नाही.

लहान वर्गांसाठी बोद्रोव्हा आणि लिओंग या शिक्षणतज्ज्ञांची जोडीवाचनाची पद्धत फार चांगली आहे. एकाच्या हातात ओठांचं चित्र, दुसऱ्याच्या हातात कानाचं. ओठवाला वाचतो, कानवाला फक्त ऐकतो, शेवटी एक प्रश्न विचारतो. मग चित्रांची अदलाबदल. मध्येच बोलायची उबळ आली की हातातला कान आठवण करून देतो. प्रश्न गाळला तर ऐकणारा नुसता बसून राहतो. काही महिन्यांनी चित्रं काढून घ्यावीत, कारण तोवर आवर मुलाच्या अंगी आलेला असतो.

प्रश्न विचारल्यावर बहुतेक शिक्षक सेकंदभरच थांबतात, असं अमेरिकी शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांना आढळलं होतं. किमान तीन सेकंद थांबलं की उत्तरं लांबतात, एरवी गप्प असणारी मुलंही बोलतात. मात्र चुकीच्या उत्तरावर वर्ग हसत असेल तर थांबूनही उपयोग नाही. ते हसू शिक्षकांनी तिथल्या तिथे थांबवावं.

काही मुलांना अवधानाचा खरा विकार असतो. त्यांना तज्ज्ञांची मदत मिळालीच पाहिजे. पण ती तपासणी करतानाही शाळेनं मुलाच्या गुणपत्रिकेसोबत, त्याला वर्गात कोण सोबती आहे, हे लिहून द्यावं, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.

– काही शालेय समुपदेशक