काँग्रेशनल ब्लॅक कॉकसच्या अध्यक्षांना खुले पत्र : सदस्यत्वाचा नियम लिहून ठेवा

मा. इव्हेट क्लार्क,
अध्यक्षा, काँग्रेशनल ब्लॅक कॉकस,
अमेरिकेचे प्रतिनिधिगृह

सविनय नमस्कार.

मी डेट्रॉइटजवळ राहणारा मराठी भाषक आहे. 1971 साली अमेरिकी संसदेतील 13 कृष्णवर्णीय सदस्यांनी आपला कॉकस, म्हणजे कृष्णवर्णीय लोकप्रतिनिधींचा हा गट, स्थापन केला, तेव्हा त्याचे पहिले अध्यक्ष याच शहराचे चार्ल्स डिग्ज होते. त्यांनी 1955 मध्ये शपथ घेतल्यापासून या शहराला सतत लाभलेले कृष्णवर्णीय प्रतिनिधित्व 2022 च्या निवडणुकीनंतर संपले आणि 13 व्या मतदारसंघातून बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार निवडून आले. आमच्या घरी त्याचा आनंद झाला, हे मी लपवत नाही. तरीही ज्या शहरातील चारांपैकी तीन रहिवासी कृष्णवर्णीय आहेत, त्यांच्या वतीने आपल्या बैठकीत आता कोण बसणार, हा प्रश्न मला अस्वस्थ करतो.

या प्रश्नाचे उत्तर लेखी कोठेच सापडत नाही. 2007 च्या जानेवारीत आपण सभागृहात आलात, त्याच दिवशी मेम्फिसचे गोरे प्रतिनिधी स्टीव्ह कोहेन हेही आले आणि त्यांना कॉकसमध्ये यायचे होते. त्यांचे बहुसंख्य मतदार कृष्णवर्णीय होते आणि कॉकसच्या उपविधींत वंशाची अट नव्हती. तरीही, 1975 मध्ये कॅलिफोर्नियाच्या पीट स्टार्क यांच्या बाबतीत घडले तसेच, गोऱ्या सदस्याला प्रवेश नाही हा अलिखित संकेतच निर्णायक ठरला. मग वंश हीच कसोटी म्हणावी, तर फ्लोरिडाचे बायरन डोनाल्ड्स कृष्णवर्णीय असूनही 2021 मध्ये बाहेर राहिले. कॉकसचे बहुतेक सदस्य डेमोक्रॅट आणि ते रिपब्लिकन म्हणून, असे म्हणावे, तर त्याच पक्षाच्या कृष्णवर्णीय मिया लव्ह काही वर्षांपूर्वीच आपल्या सदस्य होत्या. आमच्याकडे गृहनिर्माण संस्थेतसुद्धा सभासद कोणाला करायचे यावर वाद झाला, की आधी उपविधी काढून बघतात.

कोहेन यांना घ्यायला हवे होते, असे माझे म्हणणे नाही. वंशभेद स्वतः सोसलेल्या लोकप्रतिनिधींना आपसात, कोणालाही काही समजावून सांगावे न लागता बोलता यावे अशी एक जागा हवी, हे मला पटते. ज्या ब्रुकलिनचे प्रतिनिधित्व अमेरिकी संसदेतील पहिल्या कृष्णवर्णीय महिला शर्ली चिझम यांनी केले, त्याच ब्रुकलिनमधून आलेल्या आपणास ते मी काय सांगावे? भारतात राखीव मतदारसंघात मतदार सर्व जातींचे असतात, उमेदवार मात्र ठरावीक प्रवर्गाचाच असावा लागतो. त्यावर वाद होतात, पण अट काय आहे याबद्दल कोणाच्या मनात शंका नसते, कारण ती लिहिलेली आहे.

1995 पासून सभागृहाने अशा गटांचा स्वतंत्र निधी आणि कार्यालये बंद केली, आणि सदस्य कोणाला करावे हेही सभागृह सांगत नाही. म्हणजे नियम करण्याची जबाबदारी सर्वस्वी आपली आहे. लॅटिन अमेरिकी वंशाच्या सदस्यांच्या हिस्पॅनिक कॉकसने 2017 मध्ये क्युबन वंशाचे, पण रिपब्लिकन असलेले कार्लोस कर्बेलो यांना नाकारले, तेव्हा तोही वंश आणि पक्ष यांच्या घोळात अडकला. 1994 मध्ये स्थापन झालेल्या आशियाई-पॅसिफिक कॉकसने मात्र अन्य वंशांच्या सदस्यांसाठीही दार उघडे ठेवले आहे.

म्हणून विनंती अशी, की वंशाची अट असेल तर ती स्पष्ट शब्दांत उपविधींत लिहावी, पक्षाची असेल तर तीही लिहावी, आणि ती मतदारांना वाचता येईल अशी प्रसिद्ध करावी. शिवाय डेट्रॉइटसारख्या शहरांचे जे प्रतिनिधी कृष्णवर्णीय नाहीत, त्यांना मताधिकाराविना सहसदस्यत्व देऊन निदान धोरणविषयक बैठकांना बोलवावे.

कळावे,
आपला विश्वासू,
डेट्रॉइट परिसरातील एक मराठी रहिवासी