उभं न राहता होणारं तोंडी लावणं

ठाणे, नौपाडा

ती. आई-बाबांना शि. सा. नमस्कार.

परवा आई म्हणाली, आमटी-भाताला तोंडी लावायला पापड भाजला, बास. गुडघा दुखत असताना कढईपाशी उभं राहायचा कंटाळा येणारच. पण बाबांचं बीपी आणि रोज पापड हे जमायचं नाही. फोनवर सांगितलं की आई ‘हो हो’ करून विषय गळक्या नळावर नेते, म्हणून ओव्हनमध्ये भाजलेल्या भाज्यांची कृती लिहूनच पाठवतोय.

दादाने दिलेला ओटीजी, म्हणजे तो विजेवरचा छोटा ओव्हन, झाकून ठेवलाय, तो काढा. एक्स्टेन्शन बोर्डावर मुळीच लावू नका. मोठ्या पिनचा, 16 अँपिअरचा प्लग असेल तिथेच लावा.

इथे जांभळी नाक्याच्या मंडईत सध्या लाल गाजरांचे ढीग आहेत, तुमच्याकडेही आली असतील. गाजर, फ्लॉवर आणि रताळं मिळून अर्धा किलो घ्या. चिरायचं काम बाबांचं, ते बसून होतं. रताळ्याच्या फोडी बोटाच्या पेराएवढ्या, फ्लॉवरचे तुरे जरा मोठे. गाजर शिजायला हट्टी, शिवाय बाबांच्या दातांचाही प्रश्न आहे, म्हणून ते बारीक.

धुतलेली भाजी पंचावर पसरून अगदी कोरडी करा. आई हे नक्की गाळणार, म्हणून कारण सांगतो. पाणी 100 अंशांवर उकळतं आणि ते उडून जाईपर्यंत भाजी नुसती वाफवत बसते. खरपूस रंग साधारण 140 अंशांच्या पुढे चढायला लागतो. फोडींची गर्दी झाली तरी तेच, एकमेकींच्या वाफेत त्या गिचका होतात. तेव्हा ट्रेमध्ये एकच थर, मधे मोकळी जागा. मावलं नाही तर दोन घाण्यांत करा, पण एकावर एक रचू नका.

दीड-दोन चमचे शेंगदाण्याचं तेल हातानेच चोळा. मीठ ट्रे आत सरकवायच्या अगदी ऐन वेळी लावा, आधीपासून लावलं तर पाणी सुटतं. आणि बाबा, अर्ध्या चमच्याहूनही कमी! भाजल्यावर गाजर-रताळ्याची गोडी इतकी वाढते की मीठ कमी पडलेलं कळत नाही. लसूण सालासकट टाका, सोललेला करपून कडू होतो.

वरच्या-खालच्या दोन्ही कॉइल लावून 200 अंशांवर दहा मिनिटं रिकामा ओव्हन तापू द्या. मग ट्रे मधल्या खाचेत, पंचवीस-तीस मिनिटं. अर्ध्यात एकदा उलटायचं, तेवढंच. बाकी वेळ आईने बसून मालिका बघावी. कडा तपकिरी झाल्या, सुरी सहज शिरली की झालं. ट्रे काढताना साडीचा पदर नको, जाड फडकंच घ्या.

जिरेपूड, मिरपूड आणि लिंबू बाहेर काढल्यावर. मी मेतकूटही भुरभुरवतो. ऐकायला विचित्र वाटेल, पण गरम भातासोबत फार छान लागतं. दुधी आणि काकडीच्या वाटेला जाऊ नका, नुसतं पाणी. ढोबळी मिरची चालते, पण ती शेवटच्या पंधरा मिनिटांत घाला.

उरलं तर दुसऱ्या दिवशी हाताने कुस्करून दही घाला, वर हिंग-मोहरीची फोडणी. भरीत तयार. फक्त आई, त्यात फ्लॉवर आहे याची बाबांना आठवण करून देऊ नकोस.

तुमचा,
धाकटा