नौदल अधिकाऱ्याच्या निधनाची बातमी नेमकी हवी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र असल्याने फौज म्हटले की आपल्याकडे पायदळच समोर येते. त्यामुळे सीमाभागातला नौदल अधिकारी ऐन उमेदीत आजाराने गेला, की त्याच्या नोकरीची माहिती बहुधा चुकीची छापली जाते. आम्हा माजी नौसैनिकांना हे फार लागते.

नौदलातला कॅप्टन लष्करातल्या कर्नलच्या बरोबरीचा, तर लष्करातला कॅप्टन नौदलातल्या लेफ्टनंटच्या. मध्ये लेफ्टनंट कमांडर आणि कमांडर हे दोन हुद्दे. ‘सैन्यात कॅप्टन होते’ एवढेच छापले की आयुष्यभर कमावलेला हुद्दा वाचकाच्या मनात तीन पायऱ्या खाली येतो. दुसरी चूक ‘आयएनएस’ची. हे उपपद नौदलाच्या जहाजांना लागते तसे जमिनीवरच्या तळांना आणि संस्थांनाही. आयएनएस शिवाजी लोणावळ्याला आहे, वालसुरा जामनगरला; दोन्ही जमिनीवरच्या प्रशिक्षण संस्था आहेत, एक मरीन इंजिनिअरिंगची, दुसरी इलेक्ट्रिकलची. कदंब हा कारवारचा तळ. ‘शिवाजी जहाजावर सेवा’ असे लिहिणे म्हणूनच चूक. घरच्यांना विचारावे: प्रशिक्षण खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत की केरळातल्या एळिमलाच्या नौदल अकादमीत, कमिशन म्हणजे अधिकारीपद कोणत्या साली मिळाले, शाखा कोणती, जहाजांवर किती वर्षे आणि किनाऱ्यावर किती. एवढ्यात माणूस उभा राहतो.

‘अल्पशा आजाराने’ हे शब्दही सवयीने पडतात, मग माणूस दोन वर्षे उपचार घेत असला तरी. आजार कधी सुरू झाला आणि तेव्हा नेमणूक कुठे होती, यावर पुढे पत्नीचे निवृत्तिवेतन ठरू शकते. बातमी हा पुरावा नव्हे, पण घरच्यांनी या तारखा वेळीच लिहून ठेवाव्यात. सेवेत असताना मृत्यू झाल्यास साधे कुटुंब निवृत्तिवेतन पहिली 10 वर्षे वाढीव दराने, म्हणजे शेवटच्या ग्राह्य (निवृत्तिवेतनासाठी धरल्या जाणाऱ्या) वेतनाच्या 50 टक्के मिळते आणि नंतर 30 टक्क्यांवर येते. आजार नोकरीमुळे जडला किंवा बळावला असे मान्य झाले तर विशेष दर 60 टक्के. ग्राह्य वेतन 1 लाख धरले तर अकराव्या वर्षी एकीकडे 30,000 आणि दुसरीकडे 60,000, महागाई भत्ता वेगळा. सुरुवातीला फरक थोडा दिसतो, म्हणून कोणी भांडत नाही. मुले कॉलेजात जातात तेव्हा तो जाणवतो. रुग्णालयातली केस समरी (आजाराचा आणि उपचारांचा गोषवारा), मेडिकल कॅटेगरी म्हणजे वैद्यकीय श्रेणी खाली आणल्याचे कागद आणि नेमणुकांची यादी यांच्या प्रती तेव्हाच मागून घ्याव्यात. दावा नाकारला गेला तर पहिले अपील सहा महिन्यांच्या आत करावे. तिथेही न्याय मिळाला नाही तर सशस्त्र सेना न्यायाधिकरण आहे. बेळगावकरांसाठी कोचीचे खंडपीठ, महाराष्ट्रातल्या चंदगडकरांसाठी मुंबईचे.

मृत्यूची नोंद जिथे मृत्यू झाला तिथेच होते. मुंबईच्या अश्विनी या नौदल रुग्णालयात निधन झाले तर दाखला मुंबई महापालिकेचा. खानापूर तालुक्यातल्या आपल्या ग्रामपंचायतीत फेऱ्या मारून उपयोग नाही. मृत्यू घरी झाला तर 21 दिवसांच्या आत कळवण्याची जबाबदारी घरच्यांची.

सगळ्यात जास्त फाइली अडतात त्या नावापायी. आपल्याकडे लग्नात मुलीचे नाव बदलतात. शाळेच्या दाखल्यावर माहेरचे, आधारवर सासरचे, नौदलाच्या दप्तरात तिसरेच. त्यात कन्नडमधून इंग्रजीत जाताना स्पेलिंग बदलते. संरक्षण दलांच्या निवृत्तिवेतनाच्या ‘स्पर्श’ या ऑनलाइन प्रणालीत आधार, पॅन आणि बँक खाते यांतले नाव जुळले नाही की काम थांबते. हे पतीच्या हयातीतच दुरुस्त करावे. राहून गेले असेल तर दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचे प्रतिज्ञापत्र करून जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जावे. बेळगाव जिल्ह्यातल्यांनी बेळगावच्या, चंदगडच्यांनी कोल्हापूरच्या.

आपल्या वार्ताहरांनी अशा बातमीआधी गावातल्या एखाद्या माजी नौसैनिकाला फोन करावा. हुद्दा आणि नेमणुका तपासून द्यायला आम्ही केव्हाही तयार आहोत.

आपले,
काही माजी नौसैनिक, बेळगाव