हात धुणे म्हणजे केवळ स्वच्छता नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतील लेखात ज्यूंच्या हात धुण्याच्या नियमांना ‘प्राचीन आरोग्यशास्त्र’ म्हटले आहे. जेवणापूर्वीच्या ‘नेतिलात यादाईम’ या विधीला तरी हे वर्णन लागू पडत नाही, कारण तो करण्याआधीच हात स्वच्छ असावे लागतात आणि अंगठीही काढून ठेवावी लागते.

ठाण्यात आमच्या शेजारी राहणाऱ्या बेने इस्रायली (कोकणातल्या मराठी ज्यू समाजातल्या) काकांकडे शब्बाथच्या, म्हणजे ज्यूंच्या साप्ताहिक विश्रांतिदिनाच्या, जेवणाला मी अनेकदा गेलो आहे. साबणाने हात धुऊन झाल्यावर ते दोन कानांच्या भांड्याने आधी उजव्या आणि मग डाव्या हातावर पाणी ओततात, आशीर्वचन म्हणून हात पुसतात आणि पावाचा पहिला घास घेईपर्यंत चकार शब्द बोलत नाहीत. मीठ हवे असले तरी नुसती खूण करतात. नळाची धार चालत नाही, कारण पाणी माणसाच्या हाताने भांड्यातून पडावे लागते. शिवाय हा नियम गहू, जव अशा पाच धान्यांच्या भाकरीपुरताच असल्यामुळे कोकणातल्या तांदळाच्या भाकरीला तो लागत नाही! निव्वळ आरोग्याचा प्रश्न असता, तर धान्याचा भेद कशाला केला असता? या विधीचे मूळ जेरुसलेमच्या मंदिरकाळातील पुरोहितांच्या शुद्धिनियमांत आहे.

प्रार्थनेपूर्वी हात धुण्याची गोष्ट थोडी निराळी आहे. पाणी शोधूनही मिळाले नाही आणि प्रार्थनेची वेळ टळू लागली, तर माती किंवा खडा यांनी हात पुसले तरी चालतात, असे ताल्मुद हा ज्यूंचा प्राचीन धर्मशास्त्रग्रंथ सांगतो. कारण तिथे स्तोत्रातल्या ‘निर्मळ’ हातांना महत्त्व आहे. भाकरीसाठी मात्र हात मातीने पुसून भागत नाही. पाणी नसेल, तर हात फडक्यात गुंडाळून जेवावे, असे ‘शुल्हान आरूख’ या १६ व्या शतकातील ज्यू धर्मनियमांच्या संहितेत म्हटले आहे.

लेखकाला आरोग्याचे उदाहरणच हवे होते, तर ते जेवणानंतर हात धुण्याच्या ‘माईम अखरोनीम’ या प्रथेत सापडले असते. बोटांना चिकटलेले, मृत समुद्राकाठच्या सदोमचे जहाल मीठ डोळ्यांत जाऊ नये, हे त्याचे ताल्मुदातील कारण. म्हणूनच तसे मीठ आता आपल्या ताटात नसते, असे सांगून मध्ययुगीन भाष्यकारांनी त्यात सूट दिली आणि अनेक घरांतून ती प्रथा मागे पडली. जेवणापूर्वीच्या विधीला मात्र, घरोघरी साबण आल्यानंतरही, अशी सूट कोणी दिलेली नाही.

आपला,
एक वाचक, ठाणे